ब्लॅक मेसा: कोळसा वाहून न्यायला पिण्याचं पाणी

2013 च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, आठवतंय ना? तिथं निदान डोळ्यांना दिसत होतं, धरण आटलं म्हणजे आटलं, वाद नाही. पण जमिनीखालच्या पाण्याच्या जिवावर वीज काढायची म्हटली की खरी भानगड सुरू होते, कारण ते कोणालाच दिसत नाही आणि जो तो आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो. याचा नमुना बघायचा तर अमेरिकेत ॲरिझोनातलं ब्लॅक मेसा बघा, नावाहो आणि होपी या तिथल्या मूळ आदिवासी लोकांची जमीन.

तिथं पीबॉडी कंपनीची कोळशाची खाण होती आणि वीज केंद्र होतं नेवाडात, लॉफलिनला, म्हणजे 273 मैल लांब. मग कोळसा न्यायचा कसा? रेल्वे नाही, ट्रक नाही, तर कोळसा दळायचा, त्यात जवळपास तेवढंच पाणी घालायचं आणि तो रगडा पाईपातून ढकलायचा. वाळवंटात! 1970 पासून 2005 संपेपर्यंत हे चाललं. त्यासाठी वर्षाला साधारण 4,000 एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी उपसत होते, म्हणजे हिशेब केला तर रोज सव्वा कोटी लिटरच्या वर, आपले दहा हजारी टँकर धरले तर रोजचे तेराशेच्या आसपास. आणि पाणी कसलं, तर चांगलं पिण्याचं, तीन हजार फुटांच्या पलीकडे खोल बोअर मारून वाळूच्या खडकातून काढलेलं, काही ठिकाणी दहा हजारांहून जास्त वर्षं जुनं. नावाहो भागात आजही साधारण 30 टक्के घरांत नळ नाही, लोक पिकअपमध्ये ड्रम टाकून पाणी आणतात, हे सोबत ठेवून वाचा.

आता मोजणीचं. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण, यूएसजीएस, तिथं 1971 पासून विहिरींच्या पातळ्या, झरे, ओढे सगळं मोजतंय, आणि काम चोख आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या 1983 च्या मॉडेलमध्ये वर्षाचं पुनर्भरण, म्हणजे पावसाचं मुरून खडकात परत भरणारं पाणी, सुमारे 13,000 एकर-फूट धरलं होतं. पुढे 1997 मध्ये पाण्याचं वय तपासून, जिथं हा खडक मुख्यतः भरतो त्या शोंटो भागासाठी हिशेब केला तर 2,500 ते 3,500 आलं. म्हणजे 13,000 धरा, उपसा आरामात बसतो, 3,000 धरा, खाण एकटीच सगळं पिऊन टाकते. पद्धत बदलली की निकालच उलटा.

दुसरी गंमत म्हणजे हा खडक मधल्या भागात वरून झाकलेला, दाबाखाली आहे. तिथं उपसा केला की पाणी संपत नाही, दाब उतरतो, टायरमधली थोडी हवा काढली तर टायर जागेवरच असतो पण गाडी नीट चालत नाही तसं. काही विहिरींत पातळी 100 फुटांहून जास्त उतरली, आणि कंपनी मात्र म्हणणार की एकूण साठ्याच्या मानाने हे नगण्य आहे! खोटं नाही हो ते. साठा अवाढव्य आहेच. पण मोएनकोपी गावच्या होपी शेतकऱ्याला साठ्याशी काय देणंघेणं, त्याचा झरा वाहतो की नाही ते त्याला बघायचंय. आणि झऱ्याचं पाणी कमी झालं तर ते खाणीमुळे, गावच्या बोअरमुळे की पाऊसच कमी झाल्यामुळे, हे सिद्ध करणं महाकठीण. शंकेचा फायदा दरवेळी उपसणाऱ्यालाच मिळत गेला.

2005 च्या शेवटी वीज केंद्रच बंद झालं, कोळसा ढकलणं थांबलं, आणि मोजणीच्या काही विहिरींत पातळी परत वर चढायला लागली. माझ्या मते इतक्या वर्षांच्या मॉडेलांपेक्षा हा पुरावा जास्त बोलका, उपसा बंद करून बघितला आणि पाणी आलं.

शेजारची कायेंटा खाणही 2019 मध्ये बंद झाली, वाटलं आता सुटले. तर नवीन प्रस्ताव आले, पंप्ड स्टोरेजचे, वर एक तलाव, खाली एक तलाव, सौर विजेने पाणी वर चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज काढायची, सगळं एकदम ग्रीन. तलाव भरायला पाणी? नद्यांचं नाहीतर पुन्हा तेच, जमिनीखालचं. फेब्रुवारी 2024 मध्ये नावाहोंनी विरोध केल्यावर अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने प्राथमिक परवाने नाकारले, आणि त्यात पाणी किती आहे याच्या आकड्यावर काही अडलं नाही, ज्यांची जमीन त्यांचा होकार नाही एवढ्यावरच काम झालं.