डोलीचं मॉडेल: पिशवी लांब केली आणि तोंडाशी पाणी बदललं

डोल म्हणजे समुद्राच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायचं, पिशवीसारखं मासेमारीचं जाळं. बागेच्या पाटात लावलेलं तिचं छोटं मॉडेल आता नीट चालतंय. तोंड 15 सेंटीमीटर व्यासाचं, कापड मच्छरदाणीचं. यावेळी एकाच कापडाच्या, शंकूसारख्या निमुळत्या दोन पिशव्या शिवल्या: एक 15 सेंटीमीटर लांब, दुसरी 60.

सिरिंजने तोंडाच्या हातभर आधी दुधाची बारीक धार सोडली. आखूड पिशवीसमोर ती तोंडाशी यायच्या आधीच फाकली, बरीचशी कडेवरून बाहेर गेली. लांब पिशवीत तीच धार सरळ आत शिरली आणि कापडातून सगळीकडून धुरासारखी झिरपली. कितीही वेळ बघत बसावं!

हिशेब सोपा आहे. आखूड पिशवीचं कापड तोंडाच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून थोडंच जास्त भरतं, लांब पिशवीचं आठपट. पाण्याला निघायला जागा मिळाली की तोंडाशी तुंब होत नाही. आपल्या किनाऱ्यावरची डोल एवढी लांब का आणि तोंडाशी मोठी असलेली आस (जाळ्याचं भोक) खोल्याकडे, म्हणजे मासळी साठते त्या शेवटच्या टोकाकडे, बारीक का होत जाते, याचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. तोंडाशी पाणी अडलं तर त्याबरोबर येणारा जवळाही बगलेने निघून जाणार.

शेवाळाचा परिणाम मात्र मला वाटलं होतं त्याहून मोठा आहे. चौकोनी आशीत गाठीपासून गाठीपर्यंत 20 मिलीमीटर आणि दोरा 1 मिलीमीटर धरला, तर दोऱ्याने जवळजवळ 10 टक्के जागा अडते. शेवाळाने दोरा 2 मिलीमीटर झाला की 19 टक्के. जाळं वरचेवर धुऊन वाळवायला हवं ते यासाठीच.

प्रवाहामुळे जाळ्यावर येणाऱ्या ओढीचं मोजमाप स्प्रिंगच्या काट्यावर चालू आहे. ताठ चौकटीतलं जाळं वेग दुप्पट झाल्यावर जवळपास चौपट ओढतं. वरच्या काठाला टांगून खाली शिसं लावलेलं जाळं प्रवाहात तिरकं होतं, त्यामुळे त्याची ओढ तेवढी वाढत नाही. उधाणाच्या पाण्यात खुंटावर किती ताण येत असेल, याचा अंदाज घ्यायला हा फरक फार महत्त्वाचा आहे.

आता एका चौकटीमागे दुसरी लावणार आहे. पहिल्या जाळ्यामागे पाणी मंद होतं हे दुधाच्या धारेने दाखवलंच. ते किती अंतरावर पुन्हा वेग घेतं, ते बघायचंय. कोणी दोन डोलींमधलं अंतर प्रत्यक्ष मोजलं असेल तर जरूर कळवा, त्याच प्रमाणात चौकटी ठेवतो.