चार घरांत मावणारी अक्षरे आणि कृष्णेतली होडी

नव्वदच्या दशकात सांगलीत आम्ही ज्याला नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत असू, ते यंत्र बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल असे. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारून ती पुन्हा खोचायची, यापलीकडे त्या यंत्रात आम्हाला प्रवेश नव्हता. आता मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वापरता येतो अशा, प्रकल्पांमुळे तेच यंत्र आतून बघता येते, आणि मला या प्रकल्पांचे अप्रूप आहे ते मुख्यतः यासाठी. जुन्या आठवणींचा आनंद आहेच, पण तो दुय्यम.

एफसीईयूएक्स हा फॅमिकॉमचा मुक्त स्रोत एम्युलेटर, म्हणजे संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्या. त्यात खेळ चालू असतानाच चित्रस्मृती उघडून दाखवणारी एक खिडकी आहे. तीत ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे ओळीने मांडलेले दिसतात आणि पडद्यावरचे सारे जग त्या मोजक्या तुकड्यांतून जुळवलेले आहे हे ध्यानात येते. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधला ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदललेले आहेत. मूळ यंत्राची कामाची स्मृती २ किलोबाइट आणि हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटचा, हे कळल्यावर त्या काटकसरीचे कौतुक वाटते. (एम्युलेटर वापरणे वेगळे आणि खेळांच्या फायली कुठूनही उतरवून घेणे वेगळे, त्या खेळांवर अजून स्वामित्वहक्क आहे, हे सांगितलेले बरे.)

आर्केड म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या बाबतीत हेच काम मेम हा प्रकल्प १९९७ पासून करत आहे. त्याचा कोड पूर्वीही वाचता येई, परंतु व्यावसायिक वापराला मनाई होती. ती अट २०१६ मध्ये गेली आणि तो खऱ्या अर्थाने मुक्त झाला.

मात्र नुसते बघून हात वळत नाही. स्वतः खेळ करायचा तर मी नवख्यांना टिक-८० सुचवतो. हे प्रत्यक्षात कधीच नसलेले, केवळ कल्पिलेले गेमयंत्र आहे: २४० बाय १३६ पिक्सेलचा पडदा, १६ रंग, आवाजाच्या चार वाहिन्या, आणि कोड लिहिण्यापासून चित्रे, नकाशा व संगीत रचण्यापर्यंतची सगळी साधने एकाच खिडकीत. गोडोसारखे खेळ बनवण्याचे मोठे इंजिनही मुक्त आणि उत्तम आहे, पण पहिल्याच दिवशी त्यातल्या असंख्य पर्यायांपुढे मूल गांगरते. इथे मर्यादाच इतक्या स्पष्ट आहेत की काय करायचे नाही हे यंत्रच ठरवून टाकते. शिवाय परवाना एमआयटी या मोकळ्या प्रकारचा असल्याने, पैसे देऊन मिळणारी प्रो आवृत्तीसुद्धा स्रोत कोडवरून स्वतः तयार करून घेता येते.

विश्रामबागेत राहणारी माझी भाची सध्या त्यावर कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीचा खेळ करते आहे. डावे आणि उजवे बटण आलटून पालटून दाबले की वल्हे पडते; एकच बटण दोनदा दाबले की होडी तिरकी होते. हा सगळा हिशेब लुआ भाषेतल्या ‘टिक’ या एकाच फंक्शनमध्ये बसतो, जे यंत्र सेकंदाला ६० वेळा चालवते. मागे दिसणाऱ्या आयर्विन पुलासाठी तिने फक्त अर्धी कमान रंगवली. उरलेली अर्धी तीच आडवी उलटवून मिळाली आणि पुढच्या सगळ्या कमानी या जोडीच्या पुनरावृत्तीतून उभ्या राहिल्या. ढग-झुडपाची युक्ती तिने आधी एम्युलेटरमध्ये पाहिलेली होती, त्यामुळे हे मला शिकवावे लागले नाही.

खरी कसोटी लागली ती मराठी अक्षरांची. टिक-८० च्या अंगभूत टंकात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक अक्षर चित्र म्हणूनच काढावे लागते. ८ बाय ८ च्या घरात शिरोरेषेला एक ओळ गेली, वर मात्रेसाठी किमान दोन आणि खाली उकारासाठी दोन ओळी सोडल्या, की मूळ अक्षराला जेमतेम तीन ओळी उरतात. त्यांत ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दाखवणे अशक्यच. त्यामुळे आम्ही चार घरे जोडून १६ बाय १६ चे अक्षर घेतले. स्प्राइट (पडद्यावर उमटवायचे छोटे चित्र) काढण्याच्या आज्ञेत रुंदी आणि उंची किती घरांची हे सांगण्याची सोय असल्याने कोडमध्ये फारसे वाढले नाही, परंतु स्प्राइटांसाठी असलेल्या २५६ घरांतली चार घरे एकेका अक्षराला जाऊ लागली. म्हणून संपूर्ण वर्णमालेचा हट्ट सोडून खेळाला लागणारे शब्द आधी ठरवले: ‘सुरू’, ‘जिंकलात’, ‘पुन्हा’. जोडाक्षरे जितकी कमी तितके बरे, हा निकष शब्द निवडताना मी प्रथमच लावला, आणि ‘पुन्हा’ मात्र भाचीने अडून ठेवून घेतला.

तयार खेळ ब्राउझरमध्ये चालेल अशा स्वरूपात काढून देता येतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काहीच बसवावे लागत नाही. आता दुसरी होडी घालायची आहे. दुसऱ्या खेळाडूची बटणे ८ ते १५ या क्रमांकांवर असतात, म्हणजे वल्ह्याचा तोच हिशेब आठ मिळवून पुन्हा वापरता येईल. दोघांच्या होड्या एकमेकींना धडकल्या तर कोणाची तिरकी व्हावी, यावर मात्र घरात अजून एकमत नाही.