उघड्या पाठीचा रॅक

ऐन एप्रिलमध्ये नाशिकच्या गंगापूर रोडवरून एका काकांचा फोन आला. होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायरचा डबा, दोनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आला, तरी घरी पिक्चर लावला की पाऊण तासात बंद पडतो. सेंटरवाले म्हणतात मशीन ठणठणीत आहे, आमच्याकडे दिवसभर चाललं. काकांना वाटत होतं की आपल्याला कुणीतरी टोलवतंय.

मी होम थिएटर बसवण्याचं काम करतो. असा फोन आला की पहिला संशय स्पीकरच्या वायरीवर जातो. तांब्याची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणून गेल्या गेल्या मागची सगळी टोकं बॅटरीच्या उजेडात तपासायची ठरवली, तर मागे हातच जाईना.

टीव्हीचं युनिट मात्र बघत राहावं असं होतं. भिंतभर, सागाचं व्हिनियर, पॉलिश आरशासारखं, शटर बंद केलं की फट दिसत नाही. रिसीव्हरच्या कप्प्याची आतली रुंदी अठरा इंच. रिसीव्हर साधारण 435 मिलिमीटर, म्हणजे सतरा इंचांच्या वर असतो. दोन्ही बाजूंना अर्धा इंचही उरत नव्हता. कप्प्याची खोली सोळा इंच, त्यात रिसीव्हरच पंधरा इंच. मागच्या प्लायला एचडीएमआयच्या, म्हणजे चित्र-आवाज नेणाऱ्या केबलच्या, पिना दाबून वाकल्या होत्या. रिसीव्हरच्या वरच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स, त्याच्यावर वायफायचा राउटर. आणि पुढून शटर बंद, कारण उघडं ठेवलं तर युनिटची शोभा जाते.

भाच्याने आत कोपऱ्यात कॉम्प्युटरचा पंखा चिकटवून दिला होता. मुलाची धडपड प्रामाणिक होती, पण बंद पेटीत पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. गरम हवा बाहेर जायला वर वाट हवी आणि गार हवा आत यायला खाली तेवढीच मोठी वाट हवी. इथे दोन्ही नव्हत्या.

मी रिसीव्हर बाहेर ओढला. वरच्या पत्र्यावर हात टेकवेना. रिसीव्हरमधला क्लास एबी जातीचा अँप्लिफायर आवाज कमी असला तरी वीज खातो आणि तिचा बराच भाग उष्णता म्हणून टाकतो. ती उष्णता वरच्या जाळीतून निघायची असते. तिथे झाकण पडलं की आतलं तापमान चढतं आणि सर्किट स्वतःला वाचवायला बंद होतं. त्या मशीनने दरवेळी शहाणपणच केलं होतं. सेंटरमध्ये ते उघड्या टेबलावर चालत होतं, म्हणून तिथे दोष सापडला नाही.

सगळी टोकं तपासून रिसीव्हर टीपॉयवर ठेवला, तीच सिनेमाची डिस्क लावली. शेवटच्या नावांपर्यंत चालला. काका काही न बोलता उठून रिसीव्हरच्या पत्र्यावर हात ठेवून आले.

खरा पेच पुढे होता. काकू म्हणाल्या, "युनिटला करवत लावायची नाही." त्यांचं बरोबर होतं, एवढं देखणं काम कापायला माझाही हात धजला नसता. काकांनी ज्या मिस्त्रींनी ते केलं त्यांनाच बोलावलं. वयस्कर माणूस, आल्या आल्या म्हणाला, "साहेब, मला टीव्हीचा साइज दिला होता. ह्या डब्याचं कुणी बोललंच नाही." खरंच होतं ते. फर्निचरची मापं ठरतात तेव्हा यंत्रं खोक्यात असतात किंवा अजून घेतलेलीच नसतात.

काकांच्या मुलाचं म्हणणं, ऑफिसातल्यासारखा एकोणीस इंची लोखंडी रॅक आणू. तो रॅक सर्व्हरसाठी उत्तम, पण घरगुती रिसीव्हरला त्यात अडकवायचे कानच नसतात, ट्रे घ्यावा लागतो आणि बाजूला हवेला जागा उरत नाही. मी नको म्हटलं.

मग मिस्त्री आणि मी बसून युनिटच्या शेजारच्या रिकाम्या कोपऱ्यासाठी वेगळा रॅक आखला. अठरा मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय, त्याच व्हिनियरमध्ये. आतली रुंदी एकवीस इंच, खोली वीस, पुढून आणि मागून पूर्ण उघडा. मिस्त्रींना पाठ उघडी ठेवणं अजिबात पटेना; त्यांच्या लेखी ते अर्धवट काम. मी एचडीएमआय केबल त्यांच्या हातात दिली आणि पीन पकडून सरळ वळवायला सांगितलं. पिनेपासून वळण पूर्ण व्हायला तीन-चार इंच लागतात हे त्यांना हातालाच कळलं. त्यानंतर प्रत्येक फळीला मागे दोन इंचांची खाच मारायची कल्पना त्यांचीच, म्हणजे वायरीही उतरतात आणि हवाही वर जाते.

रिसीव्हर सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, त्याची उष्णता दुसऱ्या कशाला लागू नये म्हणून. माथा उघडाच ठेवणार होतो, पण काकूंनी विणलेला रुमाल आणि फुलदाणी आधीच मनात धरली होती. म्हणून आठ इंच अंतर सोडून वर फळी टाकली, रुमाल तिथे. खाली ब्लू-रे प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, आणि तळाला जड यूपीएस. सबवूफर मात्र जमिनीवर. त्याची थरथर रॅकला नको. खाली ब्रेकवाली चाकं, वायरींना हातभर जादा लांबी, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या. पॉवरच्या वायरी डावीकडून, सिग्नलच्या उजवीकडून.

एकच गोष्ट मनासारखी झाली नाही. टीव्हीकडे जाणारा भिंतीतला पाइप पाऊण इंची, त्यातून एचडीएमआयची पीन जाणार कशी? पट्टी लावून केबल भिंतीवरूनच न्यावी लागली. प्लास्टरच्या आधी दोन इंची पाइप टाकला असता तर खर्च किरकोळ होता.

रॅक लागल्यावर काकांनी मेमध्ये, भर दुपारी, लागोपाठ दोन पिक्चर बघितले. रिसीव्हर कोमट होता, एवढंच. परवा मिस्त्रींचा दुसऱ्या साइटवरून फोन आला, "साहेब, इथे मालक युनिट बंद मागतोय, दरवाजा पाहिजेच म्हणतो." मी म्हटलं, शटरला वेताची जाळी लावा, पाठीमागे वर दोन बारा सेंटिमीटरचे पंखे हवा बाहेर ओढतील असे बसवा, खाली जाळीएवढी जागा मोकळी सोडा, आणि आधी रिसीव्हरचा मॉडेल नंबर विचारून मला पाठवा.