बायोचारनं धरलेलं पाणी रोपाला मिळतं का? काट्यावर बघा

बायोचार म्हणजे लाकूड वगैरे कमी हवेत भाजून केलेला, मातीत मिसळायचा कोळसा. त्याचं कौतुक सुरू झालं की एक आकडा हमखास फेकला जातो: एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग! आकडा खोटा नाही. चढ्या तापमानाला भाजलेल्या लाकडी कोळशाचा खरंच तेवढा भरू शकतो. पण माझी सगळी नोकरी रसायनाच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे कुणी आकडा सांगितला की तो नेमका कशाचा, हे विचारायची खोड जडली आहे. हा पृष्ठभाग बहुतेक सगळा नॅनोमीटर मापाच्या छिद्रांतला. तिथे शिरलेलं पाणी इतकं घट्ट धरलं जातं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रातून पाणी सोडवायला १५०० किलोपास्कलहून जास्त ओढ लागते, म्हणजे हवेच्या दाबाच्या पंधरापट. बरीचशी रोपं त्याआधीच माना टाकतात.

रोपाच्या कामाचं पाणी असतं त्याहून मोठ्या, साधारण ३० मायक्रॉनपर्यंतच्या पोकळ्यांत. लाकूड भाजलं तरी त्याच्या पेशींचा आणि रसवाहिन्यांचा सांगाडा कोळशात टिकून राहतो, त्या या पोकळ्या. शिवाय कोळशाचे तुकडे आणि मातीचे कण यांच्यामधल्या फटी. बायोचारला स्पंज म्हणायची पद्धत आहे. म्हणा, पण हा स्पंज पिळला तरी सगळं पाणी देत नाही.

मग तो किती देतो? त्यासाठी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा पुरतो. दोन सारख्या कुंड्या घ्यायच्या, एकीत नेहमीचं मिश्रण, दुसरीत त्याच मिश्रणात दहावा हिस्सा कोळसा (मापाने, वजनाने नव्हे). दोन्हींत सूर्यफुलाचं एकेक रोप. मातीचा कोमेजबिंदू, म्हणजे किती ओल उरली की रोप माना टाकतं आणि पुन्हा सावरत नाही, ते ठरवायला मृदाशास्त्रज्ञही पूर्वीपासून सूर्यफूलच वापरत आले आहेत, शिवाय ते गेलं तर फार वाईट वाटत नाही. रोप जोमात आलं की कुंडी तुडुंब भिजवायची, वरून झाकून निथळू द्यायची आणि तोलायची. मग पाणी बंद. दुपारी मान टाकलेलं रोप रात्रीत सावरत असेल तर अजून थांबायचं. सकाळीही तसंच दिसलं की पुन्हा तोलायचं. या दोन वजनांतला फरक म्हणजे रोपाला खरोखर मिळालेलं पाणी. नुसतं भिजल्यावरचं वजन बघून खूश होणारे या दुसऱ्या वजनापर्यंत येतच नाहीत.

माझ्याकडे वाळूमिश्रित मिश्रणात हा फरक कोळशाने स्पष्ट वाढतो. चिकणमातीत जवळपास काहीच वाढत नाही, आणि त्यात नवल नाही. तिच्यात बारीक छिद्रं आधीच भरपूर असतात. भारी मातीत कोळशाचा फायदा वेगळा आहे: माती मोकळी होते, निचरा सुधारतो, वाफसा लवकर येतो. त्याला पाण्याची बचत म्हणू नये.

आणि बचत तरी आपोआप कुठे होते? हात पूर्वीसारखाच सैल राहिला तर जास्तीचं पाणी खालच्या भोकातून जाणारच. मी फरकाचा निम्मा भाग संपला की पाणी देते, आणि जेवढी घट तेवढंच. हिशेब सोपा आहे, एक किलो घट म्हणजे एक लिटर. कोळसा घातलेल्या हलक्या मातीत दोन पाण्यांमधलं अंतर वाढवता येतं, बचत ती तिथे. ठिबक असेल तर त्याची वेळ बदलावी लागेल, नाहीतर कोळसा घालून न घालून सारखंच.

खताचं गणित याच निथळण्याशी बांधलेलं आहे. ताटलीत उतरलेलं तपकिरी पाणी म्हणजे विरघळलेलं नत्र आणि पालाश. कमी निथळलं की कमी वाहून गेलं, निम्मं काम एवढ्यानेच होतं. उरलेलं काम कोळशाच्या पृष्ठभागावरच्या ऋण भाराचं: तो अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे धन आयन धरतो. नायट्रेट स्वतःच ऋण, ते फारसं थांबत नाही. ताज्या कोळशावर हा भारही कमीच असतो. हवा, ओल आणि सूक्ष्मजीव यांच्या सहवासात पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होत जातं तसा तो वाढतो. कोरडा, ताजा कोळसा थेट कुंडीत गेला तर उलट नत्र तोच बळकावून बसू शकतो आणि रोपाची खालची पानं पिवळी पडायला लागतात. म्हणून आधी कंपोस्टमध्ये मिसळून, ओलसर ठेवून, काही आठवडे मुरवायचा. कंपोस्टच्या ढिगातून आलेल्या कोळशात नायट्रेटही अडकून राहिलेलं आढळतं, म्हणजे दुहेरी लाभ.

काही जण मुरवायला मूत्र वापरतात. मला त्यात किळस नाही, पण सामूकडे (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप; ७ च्या वर अल्क) लक्ष हवं. राखेसकट असलेल्या कोळशाचा सामू ८ ते १० असतो. मूत्रातल्या युरियापासून अमोनियम तयार होतं, आणि सामू ९.२५ च्या आसपास गेला की त्यातलं निम्मं अमोनिया वायूच्या रूपात असतं. नाकाला झोंबलं की समजावं, खत उडून चाललं आहे. कोळसा आधी दोनतीन पाण्यांनी धुतला तर बरीच राख निघून जाते.

तुकडे दोन ते पाच मिलिमीटरचे बरे. चाळताना कोळसा ओला असू द्या. ही भुकटी फुप्फुसात जायला नको. रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड भाजायचं नाही, आणि शेगडीसाठी मिळणाऱ्या कोळशाच्या विटाही नकोत, त्यांत काय काय कालवलेलं असतं कोण जाणे. अझेलिया, ब्लूबेरीसारख्या आम्ल मातीच्या झाडांना मी कोळसा घालतच नाही.

कुंडी चुकली तर रिकामी करता येते. जमिनीत मिसळलेला कोळसा परत वेचता येत नाही, आणि त्याचा बराच भाग शतकानुशतकं तिथेच राहतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत कोलंबसाच्या आधीच्या वस्त्यांचा कोळसा अजून सापडतो. वाफ्यात मी चौरस मीटरला एक किलो, म्हणजे हेक्टरी दहा टन या हिशेबाने सुरुवात करते, तीही मुरवलेल्या कोळशाने. पुढचा हप्ता सामू मोजल्यावर.