धुऱ्यावरची पाटी रानडुक्कर वाचत नाही

शेतकरी उत्पादक कंपनीची साइट असो की तालुक्याच्या बाजारभावांची, दुखणं सारखंच. कापसाचा हंगाम ऐन भरात, सकाळी लोक भाव बघायला येतात आणि पानाऐवजी ५०८ ही चूक दिसते. शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक साइट वाटून घेतात तिथे) तिचा अर्थ असा की तुमच्या खात्याला एका वेळी जेवढ्या प्रोसेस, म्हणजे कामं, चालवायची मुभा आहे, तेवढ्या आधीच कुणीतरी अडवून बसलंय. बरेचदा ते बॉट असतात, म्हणजे आपोआप पानं मागत फिरणारे प्रोग्रॅम. होस्टिंगवाला मोठा प्लॅन घ्या म्हणेल. पैसे मोजण्याआधी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघा.

सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर, 'रॉ ॲक्सेस' खाली ती फाइल मिळते. एकेका ओळीत आयपी (मागणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता), वेळ, मागितलेलं पान, उत्तराचा आकडा आणि ब्राउझरचं नाव असतं. गूगल ॲनालिटिक्सवर विसंबू नका. ते जावास्क्रिप्टवर, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडवर, चालतं आणि बरेचसे बॉट जावास्क्रिप्ट चालवतच नाहीत, म्हणून तिथला आलेख शांत आणि इकडे सर्व्हर घामाघूम.

खरा फोन पानासोबत सीएसएस (पानाच्या सजावटीची फाइल), फोटो, फॉन्टही मागतो. बॉट नुसती पानं ओढतो. (रोज येणाऱ्याच्या फोनमध्ये सीएसएस आधीच साठलेली असते, तेव्हा एका ओळीवरून निकाल देऊ नका.) रात्री दोन वाजता वणी, हिंगणघाट, वाशीमचे भाव एकाच आयपीवरून मिनिटाला चाळीस वेळा मागितले जात असतील, तर तो शेतकरी नव्हे. साइट वर्डप्रेसची असेल तर 'डब्ल्यूपी-लॉगिन' (लॉगिनचं पान) आणि 'एक्सएमएलआरपीसी' (बाहेरच्या ॲपसाठीचं दार) यांवरच्या पोस्ट विनंत्या, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या विनंत्या, मोजा. वर्डप्रेस ४.४ च्या आधी दुसऱ्या दारातून एकाच विनंतीत पासवर्डचे कितीतरी अंदाज लावता येत. जेटपॅक हे प्लगइन किंवा वर्डप्रेसचं मोबाइल ॲप वापरत नसाल तर ते दार सरळ बंद करा.

पण भावाच्या साइटचं खरं भोक वेगळंच असतं, आणि ते आपणच पाडलेलं असतं. जिल्हा, शेतमाल, तारीख अशा तीन निवडी, आणि प्रत्येक निवडीची वेगळी लिंक. विदर्भाचे ११ जिल्हे, ८ शेतमाल, ३६५ दिवस: वर्षाला ३२,१२० पानं. त्यात 'पुढचा महिना' या बटणाला शेवट नसतो. बॉट ते दाबत दाबत २०९० सालच्या तुरीच्या भावापर्यंत जातो, प्रत्येक पान नवं म्हणून कॅशे (तयार पानांचा साठा) उपयोगी पडत नाही, आणि दरवेळी डेटाबेस उठून बसतो.

इलाज इथेच करायचा. आजच्या पुढच्या तारखेला थेट ४०४ ('पान सापडलं नाही') द्या आणि पुढची लिंक छापूच नका. जुने भाव महिन्याला एक पान असे एकत्र करा. ते बदलत नाहीत, तेव्हा कॅशेत महिनाभर ठेवा. आजच्या पानाला दहा मिनिटं पुरतात. फेसबुकवरून येणाऱ्या लिंकला 'एफबीसीएलआयडी' नावाचं लांबलचक शेपूट असतं, ते कॅशेने दुर्लक्षावं अशी सोय करा, नाहीतर प्रत्येक क्लिक नवं पान ठरतं. ४०४ चं पानही हलकं ठेवा, कारण वर्डप्रेस 'सापडलं नाही' एवढं सांगायलाही सगळा पसारा उघडतं. 'नोइंडेक्स' (हे पान शोधयादीत घेऊ नका अशी खूण) लावून मात्र भार हटत नाही. तो वाचायला बॉटला पान उघडावंच लागतं.

रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे कुठली पानं उघडू नयेत हे बॉटना सांगणारी फाइल, ही धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) पाटी आहे. १९९४ पासूनचा हा संकेत, २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात नोंदला गेला, तरी पाळणं ऐच्छिकच. जीपीटीबॉट, क्लॉडबॉट, सीसीबॉट या मजकूर गोळा करणाऱ्या बॉटचे चालक तो पाळतो असं जाहीर सांगतात, तेव्हा नाव घेऊन मनाई लिहा. 'क्रॉल-डिले' (दोन विनंत्यांत थांबा ही सूचना) बिंग मानतं, गूगल मानत नाही. पाटी न वाचणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी झटका मशीनच (विजेचं कुंपण) लागते, म्हणजे सर्व्हरवर प्रत्यक्ष अडवणारा नियम.

ती लावतानाच बहुतेक जण चुकतात. गावात सगळे मोबाइल इंटरनेटवर, आणि मोबाइल कंपन्या एका आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यामागे असंख्य फोन बसवतात. एक पत्ता अडवला की अख्ख्या तालुक्याचे शेतकरी बाहेर राहू शकतात. म्हणून पत्त्याऐवजी वागणुकीवर नियम लावा: भावाच्या पानांवर ठराविक वेगाची मर्यादा, ती ओलांडली की ४२९ ('फार विनंत्या झाल्या') हे उत्तर. मर्यादा सैल ठेवा, सकाळच्या गर्दीचा लॉग पाहूनच आकडा ठरवा. आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर, एकच पत्ता अडवून उपयोग नाही, तो क्षणात बदलतो. /६४ चा, म्हणजे सुरुवातीचे ६४ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा, गट धरा.

भारताबाहेरचं सगळं बंद करण्याचा मोह होतो. पण गूगलच्या शोधासाठी पानं वाचणारा गूगलबॉट बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो, त्यामुळे रोगापेक्षा औषध जालीम. गूगलबॉटचं नाव मात्र कुणीही लावतं. आयपीवरून सर्व्हरचं नाव शोधा (रिव्हर्स डीएनएस), ते 'गूगलबॉट डॉट कॉम' किंवा 'गूगल डॉट कॉम'ने संपलं पाहिजे, आणि त्या नावावरून परत तोच आयपी आला पाहिजे. व्हॉट्सॲपच्या नावाने येणाऱ्या विनंत्या अडवू नका. भावाची लिंक ग्रुपवर टाकली की दिसणारी छोटी चौकट त्यांच्यामुळेच येते.

क्लाउडफ्लेअर ही साइटच्या पुढे उभी राहून विनंत्या गाळणारी सेवा, तिचा फुकट प्लॅन पुष्कळांना पुरतो. प्रत्येकाला आधी तपासणारा 'अंडर अटॅक' मोड मात्र फक्त आग लागल्यावर. कमी रेंजच्या गावात ती तपासणी संपेपर्यंत माणूस फोन खिशात टाकतो. आणखी एक खड्डा: क्लाउडफ्लेअर लावल्यावर लॉगमध्ये त्याचेच आयपी दिसू लागतात. सर्व्हरवर खरा आयपी परत आणायची सेटिंग न करता फेलटूबॅन (लॉग पाहून आयपी आपोआप अडवणारं साधन) चालू ठेवलं, तर ते क्लाउडफ्लेअरलाच बॅन करतं आणि साइट सगळ्यांनाच बंद.

संपर्काच्या फॉर्मला माणसाला न दिसणारा, लपवलेला एक रकाना द्या, तो भरला तर बॉट समजून नोंद टाकून द्या. त्याला 'फोन' किंवा 'ईमेल' नाव देऊ नका, ब्राउझर स्वतःच भरतो आणि खरा शेतकरी गळतो. फॉर्म उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत आलेली नोंदही संशयास्पद माना.

नियम लावल्यावर आठवडाभर दिवसाच्या वेळेतले ४०३ ('प्रवेश नाही') आणि ४२९ लॉगमध्ये चाळा. त्यात मोबाइल कंपन्यांचे पत्ते, आणि सोबत मागितलेली सीएसएस दिसली, तर नियम आपल्याच माणसांना लागतोय. तो त्याच दिवशी सैल करा.