पुळणीवरचं पांढरं अस्वल

मी वनरक्षक आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे राखणीच्या हद्दीत, वेंगुर्ले तालुक्यातली साडेतीन किलोमीटर पुळण येते. नोव्हेंबर ते मार्च तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि त्या दिवसांत आमची झोप भरतीच्या वेळेवर ठरते. लोकांना वाटतं, अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे कुंपणातल्या वाळूत, पुरणं एवढंच काम. ते तर आमचे कासवमित्र डोळे मिटून करतात. खरं काम असतं अंधार राखण्याचं. मादी पाण्याबाहेर येते तेव्हा उजेड दिसला, माणसं हलताना दिसली, की ती पोटातल्या शंभर-सव्वाशे अंड्यांसकट परत फिरते. एकदा अंडी घालायला लागली की सहसा हलत नाही. त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं आपल्या हातात असतात.

माघी पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सहाला पहिला फोन आला. "मॅडम, पांढरं अस्वल आलंय ते खरं काय?" पाठोपाठ व्हिडिओ आला. समुद्रातून एक भलंमोठं पांढरं अस्वल बाहेर येतं, अंग झटकतं आणि सुरूच्या बनाकडे चालू लागतं. खाली आमच्या गावाचं नाव आणि 'काल संध्याकाळी पाच वाजता'. नऊपर्यंत फोन तापून बंद पडायची वेळ आली.

या लोकांना मी वेडं म्हणणार नाही. दोडामार्गाकडच्या रानात अस्वल आहे, आपलं काळं. तिथे नोकरीला असताना डोक्याची कातडी सोललेल्या एका माणसाचा पंचनामा मी स्वतः लिहिलाय. अस्वल या शब्दाला आमच्याकडे वजन आहे.

वरून दोन ओळींची सूचना आली, 'अफवांवर विश्वास ठेवू नये.' या वाक्याने आजवर एका माणसाचाही विश्वास बदललेला मी पाहिलेला नाही. लोकांना कारण हवं असतं.

म्हणून मी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. पहिल्यांदा पाणी. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पाचला आमच्याकडे ओहोटी असते, पाणी पार खाली गेलेलं. व्हिडिओत लाटा सुरूच्या मुळांपाशी. मग केस. समुद्रातून निघालेल्या जनावराचे केस अंगाला चिकटतात. याचे कोरडे, फुललेले. शेवटी पावलं, आणि मी गेली आठ वर्षं वाळूवरच्या खुणाच वाचते. ध्रुवीय अस्वलाचा पंजा फूटभर रुंद असतो, मोठ्या नराचं वजन पाचशे-सहाशे किलोपर्यंत जातं. ओल्या वाळूत असं जनावर चाललं तर पावलागणिक खळगा पडेल, कडेची वाळू उचलली जाईल. इथे मागे पुळण सपाट, सारवल्यासारखी. कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र होतं ते.

एवढ्यावर थांबायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी थांबले नाही. दुपारपर्यंत त्या अस्वलाबद्दल वाचत बसले आणि खरं सांगते, हरखून गेले. केस पांढरे दिसतात, पण ते बिनरंगी आणि पोकळ. खालची कातडी काळी. बर्फातल्या ज्या भोकातून सील श्वास घ्यायला वर येतो, त्या भोकाशी ते तासन्‌तास न हलता बसतं. आपण समजतो अस्वल थंडीत झोपतं. यांच्यात फक्त गाभण मादी बर्फात बीळ करून राहते आणि ऐन थंडीत तिथेच विते. पिल्लू जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं, आईच्या अतिशय स्निग्ध दुधावर वाढतं. बाकीची अस्वलं हिवाळाभर समुद्रावरच्या बर्फावर हिंडत असतात, कारण शिकार तिथेच मिळते. त्यांचा उपासाचा काळ उन्हाळा. कॅनडातल्या हडसन उपसागरात बर्फ वितळला की अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि नोव्हेंबरच्या आसपास पाणी पुन्हा गोठेपर्यंत बहुतेक अंगच्या चरबीवर काढतात. रोज साधारण किलोभर वजन उतरतं. आमच्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घराघरात जसं साठवणीवर भागवतात, तसंच मला ते वाटलं.

मग मी दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा आवाजी मेसेज केला. लोकांनी शेवटपर्यंत ऐकावा म्हणून सुरुवात जोरदार केली. ध्रुवीय अस्वल पोहण्यात पटाईत. 2008 साली अलास्काच्या उत्तरेला, ब्यूफोर्ट समुद्रात, गळ्यात रेडिओ कॉलर असलेली एक मादी नऊ दिवस सलग पोहली, 687 किलोमीटर. पुढे बर्फ, सील, उपास, आणि ते जगात उत्तर ध्रुवाच्या भोवतालीच का राहतं, इथे कसं येणं शक्य नाही, सगळं नीट सांगितलं.

कुणीतरी त्यातले पहिले तेवीस सेकंद कापले आणि व्हिडिओला जोडले. वर लिहिलं, 'वन खात्यानेही सांगितले.'

संध्याकाळी सातपासून गाड्या यायला लागल्या. एका रिसॉर्टवाल्याने तर पाहुण्यांना दोन जीप भरून आणलं. दरवर्षी हाच माणूस कासव महोत्सवाच्या फलकावर आपलं नाव मोठं लावून घेतो, त्याला अंधाराचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नव्हती. साडेआठला पुळणीवर दीड-दोनशे माणसं होती आणि आम्ही तिघं. पोलीस पाटलांनी खूप प्रयत्न केले. मी घसा फुटेपर्यंत तेच तेच सांगत होते. आमचे रापणीवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, तात्या सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "बाय, ता इतक्या पवता म्हणतंस, मग हय येवक काय हरकत?"

तात्यांचा प्रश्न बरोबर होता. मी त्यांना म्हटलं, ते पोहतं ते बर्फ शोधायला. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही, त्याला उभं राहायला बर्फ हवा. अंगावर चार-चार बोटं चरबी, थोडं धावलं तरी तापतं. आपल्या उन्हात ते तासभर काढील काय? तात्यांना पटलं. ते स्वतः माणसांना मागे ढकलायला लागले. पण तात्या एकटेच माझ्यासमोर उभे होते. बाकीच्यांच्या हातात ते तेवीस सेकंद होते.

अकरा वीसला भरती पूर्ण चढली होती. गर्दी निम्मी झालेली. बनाच्या दक्षिण टोकाला लाटेबरोबर एक काळा गोल दगड वर सरकल्यासारखा दिसला. मी श्वास धरला. ती पंधरा-वीस हात वर आली, थांबली, मान उचलली, वाळू हुंगावी तशी तोंड खाली केलं. मग पुन्हा चालायला लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ते बघा, ते बघा!" आणि पाच-सहा मोबाईलच्या बॅटऱ्या एकदम तिच्या तोंडावर. ती जागच्या जागी वळली. कासव जमिनीवर किती मंद, असं म्हणतात. परत जाताना मला ती धावल्यासारखी वाटली.

सकाळी मी खुणा मोजल्या. पाण्यापासून अकरा मीटर वर, घोड्याच्या नालेसारखं वळण, पुन्हा पाण्यात. मध्ये खड्डा नाही. नोंदवहीत 'अंडी नाहीत' लिहिलं. पुढच्या पाच रात्री आम्ही तिथे बसलो. ती, निदान माझ्या बीटमध्ये, आली नाही.

उजेड पाडणाऱ्यांवर राग आहेच. पण रात्री-अपरात्री आठवतो तो माझाच मेसेज. त्या 687 किलोमीटरची गोष्ट मी अर्धी सांगितली होती. कारण वाचताना पुढचंही वाचलं होतं: ती मादी दोन महिन्यांनी शास्त्रज्ञांनी पुन्हा पकडली तेव्हा तिचं 22 टक्के वजन गेलं होतं, आणि आधी बरोबर असलेलं वर्षाचं पिल्लू उरलं नव्हतं. मेसेज लांबतोय म्हणून मी ते गाळलं. राहिला तो पराक्रम. पराक्रम बघायला माणसं गाडी काढून येतात. पहिल्या तेवीस सेकंदांत पिल्लू असतं तर ती माणसं आली असती का? आमचा वनपाल म्हणतो, तरीही आली असती, तू उगाच मनाला लावून घेतेस. असेलही.

मार्चमध्ये गावच्या शाळेत कासवांवर बोलायला बोलावलं होतं. पोरांनी अस्वलाचंच विचारलं. मी आधी पिल्लाचं सांगितलं, मग किलोमीटर. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मग ती परत पाण्यात गेली?" मी म्हटलं, हो, कधी पोहत, कधी बर्फावरून चालत गेली, आणखी अठराशे किलोमीटर. ती पुढे काही बोलली नाही. हॅचरीतली पिल्लं सोडायला संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात मोबाईल किंवा बॅटरी नव्हती.