मानकोली ते न्हावा शेवा: नव्या ट्रेलर ड्रायव्हरसाठी

भिवंडीजवळ मानकोलीच्या गोदामात कापडाच्या गाठी भरलेला चाळीस फुटी कंटेनर न्हावा शेवा बंदराला पोचवायचा होता. स्टेअरिंगवर अंबडकडचा नवा मुलगा, मी क्लीनर साइडला. पोराचा हात चांगला आहे. आदल्या दिवशी समृद्धीवरून आमण्यापर्यंत गाडी त्यानं सुरेख आणली होती. पण समृद्धीवर ट्रकला 80 ची मर्यादा आणि समोर मोकळा रस्ता. आमणे सोडून भिवंडीकडे वळलं की तो हिशेब संपतो. तिथून पुढं गाडी पळवण्यापेक्षा थांबवायचीच वेळ जास्त येते, आणि नव्या पोरांना हेच कुणी शिकवत नाही.

म्हणून निघायच्या आधी मी त्याला रस्ता नाही विचारला. म्हटलं, "अडकलास तर गाडी लावशील कुठं?"

"कडेला घेईन, मामा."

या पट्ट्यात कडेला घ्यायला जागाच नाही. रात्री कडेला उभ्या ट्रेलरवर मागून कुणी आदळलं की दोन घरं बसतात. तेव्हा थांबे आधी पाठ करा: गोदामाचं आवार, शिळफाट्यापुढचे पेट्रोल पंप आणि ढाबे, कळंबोलीचं ट्रक टर्मिनल, शेवटी बंदराचा पार्किंग प्लाझा. दोन थांब्यांमध्ये काही झालं तरी गाडी चालती ठेवायची. बंदच पडली तर चारही इंडिकेटर चालू करायचे, चाकाला ओट (पाचर) लावायची आणि परावर्तक त्रिकोण बराच मागं ठेवायचा.

दुसरी गोष्ट वेळ. ठाणे आणि नवी मुंबईत जड गाड्यांना दिवसाचे ठराविक तास बंदी असते. वाहतूक पोलिसांची अधिसूचना बदलते, पुलाची किंवा रस्त्याची कामं निघाली की आणखी बदलते. गणपतीत कोकणाकडं जाणाऱ्या गर्दीमुळं नियम वेगळेच होतात. मागच्या महिन्याच्या माहितीवर निघू नका, त्या दिवशीची अधिसूचना बघा. आम्ही रात्रीची मोकळीक सुरू झाल्यावर गाडी हलवली. मालकाला निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं, पहाटेशिवाय फोन करू नका. हे सांगायला नवी पोरं कचरतात. पण "कुठं पोचला?" या फोनपायी नजर हलते, आणि मुंब्र्याच्या उतारावर नजर हलून चालत नाही.

खारेगावपर्यंत फार काही नाही. तिथं सरळ गेलात तर साकेत पूल आणि माजिवडा. आपल्याला मुंब्रा बायपास धरायचा असतो. पाटी दिसल्यावर लेन बदलायला जाऊ नका, चाळीस फुटी गाडीला तेवढी जागा कुणी देत नाही. आधीच डावीकडं या.

मुंब्रा बायपास हाच या फेरीचा खरा अवघड भाग. एका अंगाला पारसिकचा डोंगर, खाली वस्ती, मध्ये चढ, वळणं, मग उतार. चढावर रांग लागली होती. पोरगा पुढच्या गाडीला चिकटायला लागला आणि हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायला लागला. क्लच प्लेट अशीच जळते, आणि पुढची गाडी थोडी मागं सरकली तर तुम्हाला हलायला वाव राहत नाही. मी त्याला अंतर सोडायला लावलं: पुढच्यानं तीन-चार गाड्यांची जागा मोकळी केली की मग पहिल्या गिअरमध्ये एकदाच पुढं जायचं. मध्ये रिक्षा घुसते, दुचाक्या घुसतात. घुसू द्या.

उतारावर एकच सांगणं: ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धीमी करणारा) लावून. डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, ते मला अजिबात मान्य नाही. भरलेल्या गाडीला सारखा पाय दाबत राहिलात तर ब्रेकचे लायनर तापतात आणि ब्रेक धरत नाही. शिवाय ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा खाली येतो. तो काटा आरशाइतकाच वारंवार बघायचा. पावसाळ्यात डोंगराकडून दगडमातीही येते, तेव्हा वेग आणखी कमी.

शिळफाट्याला कल्याणचा आणि महापेचा रस्ता येऊन मिळतात. रात्रीही तिथं गर्दी असते. वळताना घोडा (पुढचा इंजिन-केबिनचा भाग) निघून जातो, पण ट्रेलरची मागची चाकं आतून कापत येतात आणि डाव्या अंगाला नेमका दुचाकीवाला उभा असतो. वळायच्या आधी डावा आरसा, अर्ध्या वळणात पुन्हा डावा आरसा. क्लीनर नसेल तर काच खाली करून कानही तिकडं ठेवा. मागचा कितीही हॉर्न वाजवो, आरशात जागा दिसेपर्यंत चाक फिरवायचं नाही.

तळोजा रात्री लवकर सरला. कळंबोली सर्कलला पुण्याचा, सायनचा, मुंब्र्याचा आणि बंदराचा, सगळेच रस्ते एकत्र येतात. आम्ही टर्मिनलला थांबून चहा घेतला. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (तो 2025 पर्यंत लागू होता) सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. रांगेत उभं राहणंही अंगावर येतंच, त्यामुळं घड्याळात पाच तास व्हायची वाट मी बघत नाही.

करळ फाट्याच्या पुढं कागद हाताशी ठेवा: फॉर्म 13 (कंटेनर बंदरात आत न्यायचा कागद), शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद), ई-वे बिल, लायसन्स. सीलचा नंबर गोदामातून निघतानाच कागदाशी ताडून बघा, गेटवर फरक निघाला तर गाडी बाजूला काढतात. 1 जुलै 2016 पासून निर्यातीच्या कंटेनरचं प्रमाणित वजनही आधी द्यावं लागतं, ते दिलंय का हे मालकाला निघतानाच विचारा. बंदरात टर्मिनल अनेक आहेत. फॉर्मवरचं नाव आणि पाटीवरचं नाव जुळल्याशिवाय लेन धरू नका, चुकीच्या रांगेतून उलटं फिरता येत नाही. जहाजाची गेट बंद व्हायची वेळही (त्यानंतर त्या जहाजाचा कंटेनर आत घेत नाहीत) लिहून घ्या. ती जवळ आली असेल तर घाई रस्त्यावर भरून काढू नका. मालकाला कळवा, पुढची बोलणी त्यानं करायची.

पहाटे कंटेनर उतरला. परतीचं भाडं तळोज्याचं होतं आणि गाडी लगेच मागत होते. ते दुपारच्या मोकळ्या वेळेवर ढकलून घेतलं आणि पोराला आधी झोपायला लावलं. तुम्हीही भाडं घेताना किलोमीटर आणि पैशांबरोबर हे विचारा: माल कधी भरणार, आणि त्या वेळेला तो रस्ता जड गाड्यांना खुला असेल का.